स्नॅपशॉटची डिस्क मेली तर: मूळ डेटाला धक्का न लावता बाहेर कसं पडायचं

स्नॅपशॉट म्हणजे एखाद्या क्षणी डेटा कसा होता त्याचं गोठवलेलं चित्र. ते ज्या डिस्कवर होतं ती डिस्क गेली, तर मूळ डेटाला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. हे आधी डोक्यात पक्कं बसवा. अशा प्रसंगी जे नुकसान होतं, ते बऱ्याचदा पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईने मारलेल्या कमांडांमुळे होतं. कुणी सर्व्हर रीबूट करतं, कुणी फोर्स लावून मोकळं होतं, कुणी केबल काढून-घालून मेलेली डिस्क जिवंत करतं आणि स्नॅपशॉट "परत आला" म्हणून निर्धास्त होतं. यातली तिसरी चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती चूक आहे हेच कळत नाही.

इथे आपण लिनक्सवरच्या एलव्हीएमचे (डिस्कांची जागा एकत्र करून वाटून देणारी व्यवस्था) जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट धरून चालू, म्हणजे ज्यांना तयार करताना वेगळी जागा नेमून द्यावी लागते ते. थिन पूल, झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या दुसऱ्या पद्धतींचे स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच पूलमध्ये राहतात. तिथे "स्नॅपशॉटची डिस्क" असा वेगळा प्रकारच नाही. डिस्क गेली तर ती पूलची डिस्क गेली, आणि तो वेगळा विषय आहे.

समोर एक ठरावीक मांडणी ठेवू. चार डिस्कांचा रेड 10 (डिस्कांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एकमेकींची प्रत), नाव एमडी0. शेजारी 240 जीबीची एकच एसएसडी, नाव एसडीई. दोन्ही मिळून "भांडार" नावाचा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे एकत्र केलेली जागा; तिच्यातून कापलेला भाग म्हणजे व्हॉल्यूम. एमडी0 वर 500 जीबीचा "विक्री" हा व्हॉल्यूम, त्यात डेटाबेस. रोज रात्री एसडीईवर 60 जीबीचा स्नॅपशॉट घ्यायचा, त्यातून बॅकअप काढायचा, सकाळी स्नॅपशॉट पुसायचा. अशी मांडणी अगदी सर्रास असते. स्नॅपशॉटसाठी महागड्या रेडमधली जागा का अडवायची, असा साधा हिशेब त्यामागे असतो.

आत नेमकं काय चालतं

स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी काहीही कॉपी होत नाही, म्हणून तो सेकंदात तयार होतो. खरं काम नंतर होतं. मूळ व्हॉल्यूम लहान तुकड्यांत विभागलेला असतो. एलव्हीएममध्ये एका तुकड्याचा आकार मुळात 4 केबी धरलेला असतो, तो 512 केबीपर्यंत वाढवता येतो. स्नॅपशॉटनंतर एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा काही लिहायची वेळ आली, की कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी त्यातला जुना मजकूर एमडी0 वरून वाचतो, एसडीईवर नेऊन ठेवतो, "अमुक क्रमांकाचा जुना तुकडा इथे ठेवला" अशी 16 बाइटची नोंद करतो, आणि मगच नवा मजकूर एमडी0 वर उतरू देतो. त्याच तुकड्यावर दुसऱ्यांदा लिहिलं तर हा सोपस्कार होत नाही. जुनी प्रत आधीच बाजूला पडलेली असते.

तलाठ्याच्या दप्तरासारखं समजा. चालू नोंदवहीतलं पान बदलण्याआधी जुन्या पानाची झेरॉक्स गठ्ठ्यात ठेवायची. एक तारखेला वही कशी होती हे बघायचं, तर गठ्ठ्यात त्या पानाची झेरॉक्स असेल तर ती बघायची. नसेल तर पान बदललेलंच नाही असं धरून चालू वहीतलं वाचायचं. गठ्ठा जळाला तर चालू वही शाबूत राहते. पण गठ्ठ्यातून मधलीच काही पानं गहाळ झाली, तर वाचणाऱ्याला ते कळत नाही. तो बेधडक आजचं पान एक तारखेचं म्हणून वाचतो.

यातून तीन गोष्टी निघतात. स्नॅपशॉट एकट्याने उभा राहू शकत नाही. न बदललेले सगळे तुकडे तो मूळ व्हॉल्यूममधूनच वाचतो, म्हणून तो बॅकअप नव्हे. उलट मूळ व्हॉल्यूमला वाचण्यासाठी एसडीईची गरज कधीच नसते. मात्र लिहिण्यासाठी असते, कारण पहिल्यांदा बदलणारा प्रत्येक तुकडा एसडीईवर जाऊन येईपर्यंत मूळ लिखाण थांबून राहतं.

एसडीईने चूक परत केली, की कर्नल तो स्नॅपशॉट बाद करतो. लॉगमध्ये "इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट: एरर रीडिंग/रायटिंग" अशी ओळ येते. त्या क्षणापासून स्नॅपशॉट वाचायला गेलं की आय-ओ एरर मिळते, आणि मूळ व्हॉल्यूम जणू स्नॅपशॉट नव्हताच अशा वेगाने चालू राहतो.

अपवाद एकच, आणि तो गंभीर. स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूममध्ये परत मिसळायचं काम, म्हणजे मर्ज, चालू असताना एसडीई गेली, तर मूळ व्हॉल्यूम अर्धा जुना आणि अर्धा नवा होऊन बसतो. कुठले तुकडे परत आले आणि कुठले राहिले यावर फाइल सिस्टिमचा काहीच ताबा नसतो. अशा व्हॉल्यूमवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून तो "दुरुस्त" झालेला दिसला तरी त्यातल्या डेटाबेसवर विश्वास ठेवू नका. बॅकअपवरूनच परत उभा करा. म्हणूनच एकट्या, आरसा नसलेल्या डिस्कवरच्या स्नॅपशॉटचा मर्ज सुरू करण्याआधी वेगळा बॅकअप हातात असायलाच हवा.

मरणाआधीची लक्षणं

डिस्क पटकन मेली तर बरं. रखडत मेली तर त्रास होतो. कर्नल एका कमांडसाठी साधारण 30 सेकंद वाट बघतो, मग पुन्हा प्रयत्न करतो, आणि तेवढा वेळ डेटाबेसचं लिखाण अडकून पडतं. बाहेरून दिसतं ते असं: रेड एकदम ठणठणीत, प्रोसेसर रिकामा, तरी लोड अ‍ॅव्हरेज चढलेलं आणि डेटाबेसचे सगळे कनेक्शन ताटकळलेले. अशा वेळी लोक डेटाबेसच्या क्वेऱ्या तपासत बसतात. डिस्कांची वर्दळ दाखवणारं आयओस्टॅट लावून बघितलं तर एसडीई एकटीच शंभर टक्के गुंतलेली आणि प्रतीक्षेचा आकडा हजारो मिलिसेकंदांत दिसतो. इलाज तिला लवकर बाजूला करणं हाच. स्नॅपशॉट काढून टाकता आला तर उत्तम. ती कमांडसुद्धा लटकली, तर सिस फाइल सिस्टिममध्ये ब्लॉकखाली त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरात "डिलीट" नावाची फाइल असते, तिच्यात 1 लिहिला की कर्नल डिस्क सोडून देतो. मात्र एसडीई म्हणजे नक्की तीच डिस्क ना, हे सिरियल नंबरवरून आधी तपासा. इथे एका अक्षराची चूक म्हणजे रेडमधली चांगली डिस्क बाहेर.

डिस्क मेली की स्नॅपशॉट नुसता भरला, हेही वेगळं करून घ्या. दोन्हीत स्नॅपशॉट बादच होतो, एलव्हीएसच्या (व्हॉल्यूमांची यादी दाखवणारी कमांड) यादीतही दोन्ही सारखेच दिसतात: गुणांच्या रकान्यात पाचव्या जागी लहान ए ऐवजी कॅपिटल आय. फरक कर्नलच्या लॉगमध्ये सापडतो. भरल्यामुळे बाद झाला असेल तर "अनेबल टू अ‍ॅलोकेट एक्सेप्शन" असं येतं, आणि आजूबाजूला डिस्कच्या कसल्याही चुका नसतात. त्या वेळी डिस्क बदलायला धावू नका. जागा कमी पडली एवढाच त्याचा अर्थ. डिस्कच्या चुका असतील तर स्मार्टसीटीएलने तिची तब्येत बघा. 5 आणि 197 क्रमांकाचे आकडे, म्हणजे बदललेले आणि बदलायच्या वाटेवरचे सेक्टर, वाढत असतील तर डिस्क खरंच जाते आहे. हे दोन्ही शून्य आणि फक्त 199 वाढलेला असेल, तर दोष बहुतेक केबलचा किंवा ती ज्या खाचेत बसते तिचा.

हात लावण्याआधी एक निर्णय

स्नॅपशॉटमधला जुना डेटा तुम्हाला हवा आहे का? नेहमीच्या रात्रीच्या बॅकअपसाठी घेतलेला स्नॅपशॉट असेल तर नको. नवा घेता येतो. पण काल कुणी टेबल उडवलं आणि जुनी प्रत फक्त या स्नॅपशॉटमध्येच होती, असं असेल तर रस्ता पूर्ण वेगळा आहे. त्याबद्दल पुढे येईलच. फक्त आत्ता, या क्षणी, मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाण बंद करा: डेटाबेस थांबवा, व्हॉल्यूम अनमाउंट करा, आणि पुढची काढून टाकण्याची कुठलीही पायरी करू नका.

जुना डेटा नको असेल तर डेटाबेस चालू राहू द्या. काहीही थांबवण्याची गरज नाही.

आणि रीबूट करू नका. चालू यंत्रणेत मूळ व्हॉल्यूम सुखरूप असतो. रीबूटनंतर मात्र एलव्हीएमला ग्रुपमधली एक डिस्क सापडत नाही, "विक्री"ला जोडलेला स्नॅपशॉट अर्धवट दिसतो, आणि "विक्री" सुरू करायला ते नकार देऊ शकतं. मग सिस्टमडी (मशीन सुरू होताना सेवा चालू करणारी व्यवस्था) माउंटसाठी 90 सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं. चालू असलेला डेटाबेस तुम्ही स्वतःच्या हाताने बंद पाडलेला असतो.

काढून टाकण्याचा क्रम

पहिलं काम, बॅकअपची प्रक्रिया थांबवा आणि त्या रात्रीचा बॅकअप बाद ठरवा. इथे एक जुना सापळा आहे. स्क्रिप्टमध्ये टारचं आउटपुट पाइपने जीझिपला दिलेलं असेल, तर शेल शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा निकाल धरतं. टारला वाचताना शंभर चुका आल्या तरी जीझिप आनंदाने शून्य परत करतो आणि मेल येतो, "बॅकअप यशस्वी". स्क्रिप्टच्या वरच्या टोकाला पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर चूक धरणारा पर्याय) चालू आहे का ते बघा. नसेल तर कालच्याच नव्हे, मागच्या काही रात्रींच्या फाइलींचे आकारही ताडून पाहा. डिस्क बहुधा आधीपासूनच कुरकुरत असते.

दुसरं, एटसीमधलं एलव्हीएमचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवा. त्यातल्या बॅकअप आणि अर्काइव्ह या दोन उपफोल्डरांत ग्रुपचा नकाशा साध्या मजकुरात असतो: कुठला व्हॉल्यूम कुठल्या डिस्कवर कितव्या जागेपासून सुरू होतो. पुढे काही चुकलं तर व्हीजीसीएफजीरिस्टोर याच फाइलींवरून नकाशा परत आणतो. काही केबींचं काम आहे, पण ते विसरलं तर पश्चात्ताप मोठा.

तिसरं, पीव्हीएस आणि व्हीजीएस (डिस्कांची आणि ग्रुपची यादी दाखवणाऱ्या कमांडा) चालवा. हरवलेल्या डिस्कच्या नावाच्या जागी "अननोन" आणि तिच्या गुणांत लहान एम दिसेल. ग्रुपच्या गुणांत चौथ्या जागी लहान पी, म्हणजे अर्धवट. मग एलव्हीएसला "सगळे दाखव" आणि "डिव्हाइस दाखव" असे दोन्ही पर्याय देऊन यादी काढा. एसडीईवर फक्त "विक्री-रात्र" हा स्नॅपशॉटच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. कुणीतरी मधल्या काळात एसडीईवर लॉगसाठी दहा जीबीचा व्हॉल्यूम काढून ठेवलेला असतो आणि कुणाच्या लक्षात नसतं. किंवा त्याहून वाईट: "विक्री" वाढवताना एमडी0 वर जागा संपली आणि एलव्हीएमने शेवटचे काही जीबी गुपचूप एसडीईवर टाकले. डिस्क नमूद केली नाही तर ते मिळेल तिथे जागा घेतं. असं असेल तर ही स्नॅपशॉटची गोष्ट उरलीच नाही. मूळ डेटाचा तुकडा गेला आहे, आणि बॅकअप शोधायला लागा.

यादी स्वच्छ असेल तर स्नॅपशॉट अनमाउंट करा आणि एलव्हीरिमूव्हने काढा. डिस्क हरवलेली असली तरी ही कमांड चालते. "वापरात आहे" म्हणून अडलं, तर फ्यूजरने कोण धरून बसलंय ते शोधा. बहुतेक वेळा अर्धवट लटकलेली बॅकअपचीच प्रक्रिया असते. कमांड देताना स्नॅपशॉटचं पूर्ण नाव टाइप करा. मूळ व्हॉल्यूमचं नाव दिलं तर त्याच्यासोबत त्याचे सगळे स्नॅपशॉटही जातात, आणि होय म्हणण्याची सवय लागलेली बोटं प्रश्न वाचत नाहीत.

मग ग्रुपमधून डिस्क काढणारी व्हीजीरिड्यूस, "रिमूव्हमिसिंग" या पर्यायासह. आधी त्याला "टेस्ट"चा पर्याय जोडून कोरडी फेरी मारा. स्नॅपशॉट आधीच काढलेला असल्यामुळे त्याने निमूट हो म्हणायला हवं. तो अडला आणि अर्धवट व्हॉल्यूमांची नावं सांगून "फोर्स वापरा" असं सुचवू लागला, तर तिथेच थांबा आणि नावं वाचा. फोर्सचा अर्थ "जरा जोर लाव" असा नाही. हरवलेल्या डिस्कवर ज्याचा एकही तुकडा आहे असा प्रत्येक व्हॉल्यूम नकाशातून पुसून टाक, असा आहे. स्नॅपशॉट न काढता थेट फोर्सवर उडी मारणाऱ्यांच्या हातून असेच व्हॉल्यूम जातात.

शेवटी एलव्हीएस पुन्हा. "विक्री"च्या गुणांत पहिल्या जागी असलेला लहान ओ, म्हणजे स्नॅपशॉटचा मूळ मालक ही खूण, जाऊन तिथे डॅश आला पाहिजे. प्रॉकमधल्या एमडीस्टॅटमध्ये चारही यू, म्हणजे रेडच्या चारही डिस्क चालू, दिसताहेत का बघा. फाइल सिस्टिमची तपासणी करण्याची गरज नाही; तिने एकही चूक पाहिलेली नाही.

रीबूट झालाच असेल तर

इमर्जन्सी मोडमध्ये घाबरून ग्रुप चालू-बंद करणाऱ्या व्हीजीचेंजला "अर्धवट चालू कर" असा पर्याय देऊ नका. तसं केलं की हरवलेल्या जागेवर एलव्हीएम नुसती चूक परत करणारा बनावट भाग बसवतं, स्नॅपशॉटला त्यातून आपली माहिती वाचता येत नाही, आणि गुंता वाढतो. क्रम उलटा ठेवा: ग्रुप बंद असतानाच एलव्हीरिमूव्हने स्नॅपशॉट काढा, मग व्हीजीरिड्यूस, मग ग्रुप नेहमीसारखा चालू करा. यानंतर एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याची यादी) ज्या माउंटशिवाय मशीन चालू शकतं त्यांना "नोफेल" लावून टाका, म्हणजे पुढच्या वेळी निदान एसएसएचने आत तरी शिरता येईल.

मेलेली डिस्क परत आली तर

आता ती महागडी चूक. केबल हलवली, पॉवर सायकल केला, एसडीई परत दिसू लागली. एलव्हीएममध्ये व्हीजीएक्सटेंडला "रिस्टोरमिसिंग" असा पर्यायही आहे, तो ही डिस्क ग्रुपमध्ये परत घेतो. ग्रुप सुरू केला, स्नॅपशॉट हजर, कॅपिटल आय नाही, माउंटही झाला. सगळे खूश.

प्रत्यक्षात काय झालेलं असतं ते बघा. स्नॅपशॉटच्या जागेच्या अगदी सुरुवातीला एक शीर्षक असतं. त्यात चार आकडे: ओळखीची खूण, "वैध आहे का", आवृत्ती आणि तुकड्याचा आकार. स्नॅपशॉट बाद करताना कर्नल त्यातला दुसरा आकडा शून्य करायला जातो. पण तो लिहायचा कुठे? जी डिस्क आत्ताच मेली तिच्यावरच. लिखाण फसतं, लॉगमध्ये इशारा येतो, विषय संपतो. बाद झाल्याची आठवण फक्त मेमरीत राहते आणि रीबूटसोबत जाते. डिस्क परत आली तेव्हा तिच्यावर अजूनही "वैध: एक" असंच लिहिलेलं असतं.

मधल्या काळात, डिस्क नसताना, मूळ व्हॉल्यूमवर जे तुकडे पहिल्यांदा बदलले त्यांच्या जुन्या प्रती कुठेच ठेवल्या गेल्या नाहीत. स्नॅपशॉट त्या तुकड्यांना "न बदललेले" समजतो आणि आजचा मजकूर कालचा म्हणून देतो. गठ्ठ्यातली पानं गहाळ होण्याचा प्रकार तो हाच. त्यातून घेतलेल्या बॅकअपमध्ये डेटाबेसची काही पानं काल रात्रीची, काही आज सकाळची. आणि अशा स्नॅपशॉटचा मर्ज केला, तर ही भेसळ थेट मूळ डेटात.

म्हणून एकदा डिस्क चुकली, की तिच्यावरचा स्नॅपशॉट संपला असं धरा, ती नंतर कितीही छान वागली तरी. दोष केबलचाच निघाला आणि डिस्क परत वापरायची असेल, तर ग्रुपमधून काढल्यानंतर तिच्यावरच्या जुन्या खुणा वाइपएफएसने पुसा आणि कोरी म्हणून घ्या. न पुसता परत लावली तर एलव्हीएम "या डिस्कवरचा नकाशा जुना आहे" अशी कुरकुर करत राहतं.

जुना डेटा हवाच असेल तर

आशा आहे, पण अटींवर. डिस्क मेल्यापासून मूळ व्हॉल्यूमवर काहीही लिहिलं गेलं नसेल तर जुनं चित्र पूर्ण मिळू शकतं. दहा मिनिटं लिहिलं गेलं असेल तर त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा बदललेले तुकडे गेलेच. कुठले, हे सांगता येत नाही.

मूळ व्हॉल्यूम बंद ठेवून मेलेल्या डिस्कची प्रत डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारं साधन) तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढा, मॅपफाइल (काय वाचलं गेलं आणि काय नाही याची नोंद) ठेवूनच. प्रत झाली की मेलेली डिस्क मशीनमधून बाहेर काढा. दोन्ही डिस्कांवर एकच ओळख क्रमांक असल्याने एलव्हीएम दोन्ही एकत्र बघून गोंधळतं. शक्य असेल तर मूळ व्हॉल्यूमचीही प्रत काढा आणि पुढचे सगळे प्रयोग दोन्ही प्रतींवर, वेगळ्या मशीनवर करा.

किती वाचेल हे खराब सेक्टर कुठे आहेत त्यावर ठरतं, आणि प्रत्येक खराब सेक्टरचं नुकसान सारखं नसतं. 4 केबीच्या तुकड्यांत नोंदींचं एक पान, मग त्या पानावर नोंदवलेले 256 जुने तुकडे, पुन्हा नोंदींचं पान, अशी ही जागा लावलेली असते. म्हणजे साधारण दर एक एमबीला एक नोंदींचं पान. खराब सेक्टर जुन्या तुकड्यात असेल तर 4 केबी गेले. पण तो नोंदींच्या पानात असेल आणि डीडीरेस्क्यूने ती जागा नव्या डिस्कवर शून्य सोडली असेल, तर कर्नल नोंदी वाचता वाचता त्या शून्यापाशी "नोंदी इथे संपल्या" असं समजून थांबतो. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी असून नसल्यासारख्या, आणि तक्रार कसलीच नाही. म्हणून मॅपफाइल उघडून बघा: न वाचलेली जागा सुरुवातीच्या भागात असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

त्यातून जे मिळेल ते फक्त वाचण्यासाठी माउंट करा. एक्सएफएस असेल तर "नोयूयूआयडी" आणि "नोरिकव्हरी" दोन्ही लागतात. हव्या त्या फाइल काढा, डेटाबेसच्या साधनाने त्यांची तपासणी करा. या चित्राचा मर्ज कधीच नाही.

तयार अ‍ॅरे पेट्यांमध्ये

डेलच्या पॉवरव्हॉल्ट एमडी3000 किंवा आयबीएमच्या डीएस4000 सारख्या पेट्यांत हाच खेळ "रिपॉझिटरी" या नावाने चालतो. तिथे रिपॉझिटरी स्वतःही रेडवर असते, त्यामुळे एक डिस्क जाऊन स्नॅपशॉट बाद होणं दुर्मीळ. बहुतेक वेळा ती भरते. मूळ व्हॉल्यूमच्या 20 टक्के जागा आणि 50 टक्क्यांना इशारा, असं तिथे आधीपासून ठरवलेलं असतं. पाहायची सेटिंग एकच: रिपॉझिटरी भरली तर काय करायचं? "स्नॅपशॉट बाद कर" की "मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाण नाकार"? दुसरा पर्याय निवडलेला असेल, तर स्नॅपशॉट वाचवण्यासाठी चालू डेटाबेस बंद पडतो. ते मुद्दाम ठरवलेलं नसेल तर आजच बदला. बाद झालेला स्नॅपशॉट तिथे डिसेबल करून, डिस्कगट पूर्ववत झाल्यावर पुन्हा तयार करायचा असतो. जुनं चित्र परत येत नाही.

नवी डिस्क

मेलेली डिस्क काढताना एक अडचण येते: ती स्मार्टसीटीएलला उत्तरच देत नाही, मग सिरियल नंबर कळणार कसा? उलट बाजूने जा. जिवंत असलेल्या सगळ्या डिस्कांचे नंबर लिहून काढा. खोक्यावरच्या लेबलांत जो त्या यादीत नाही तोच हिचा. चुकून रेड 10 मधली एक डिस्क ओढली तर रेड तग धरेल, पण त्यानंतर घाईत आणखी एक ओढली आणि ती तिचीच जोडीदार निघाली तर नाही.

नवी डिस्क एकटी लावण्यापेक्षा दोन लहान एसएसडींचा रेड 1 करा आणि त्यावर पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्सटेंड. रात्रीच्या स्नॅपशॉटचा डेटा कवडीमोल असतो हे खरं, पण मेलेल्या एसएसडीपायी डेटाबेस ताटकळतो त्याची किंमत दोन एसएसडींहून जास्त असते. नवा स्नॅपशॉट काढताना कमांडच्या शेवटी डिस्कचं नाव द्या, नाहीतर तो एमडी0 वर जाऊन बसेल.

आकार मोजून ठरवा. बॅकअप संपताना एलव्हीएसमध्ये डेटा टक्केवारी बघा. 60 जीबीपैकी 25 टक्के भरत असेल तर रात्रीचा बदल 15 जीबी, आणि त्याच्या तिप्पट, 45 जीबी ठेवलं तर महिनाअखेरीच्या जड रात्रीही निभावतं. आपोआप वाढण्याची सोय एलव्हीएम डॉट कॉन्फमध्ये आहे, पण तिची मर्यादा मुळात 100 ठेवलेली असते, म्हणजे बंद. 70 करा, वाढीचे 20 टक्के तसेच राहू द्या, आणि निरीक्षणाची सेवा चालू आहे याची खात्री करा. नवा बॅकअप त्याच दिवशी घ्या. काल रात्रीचा बाद झालेला आहे हे विसरू नका.

प्रयोग करून बघायचा असेल तर

हे सगळं एखाद्या रिकाम्या मशीनवर तासाभरात बघता येतं. ट्रंकेटने 1 जीबीच्या दोन फाइल करा, लोसेटअपने लूप डिव्हाइस बनवा. पहिल्यावर थेट पीव्हीक्रिएट. दुसऱ्यावर आधी डीएमसेटअपने एक साधा "लिनियर" थर चढवा आणि पीव्हीक्रिएट त्या थरावर करा. पहिल्यावर 500 एमबीचा व्हॉल्यूम, त्याच्या सुरुवातीला डीडीने "जुनं" लिहा. दुसऱ्यावर त्याचा 100 एमबीचा स्नॅपशॉट घ्या. आता तो थर सस्पेंड करा, "लिनियर"च्या जागी "एरर"ची सारणी भरा, रिझ्युम करा: डिस्क मेली. मूळ व्हॉल्यूमच्या सुरुवातीला "नवं" लिहा आणि सिंक द्या. लिखाण यशस्वी होईल, एलव्हीएसमध्ये कॅपिटल आय येईल, लॉगमध्ये ती ओळ दिसेल. मग थराला पुन्हा "लिनियर" करा, ग्रुप बंद करून चालू करा. कॅपिटल आय गायब झालेला असेल. स्नॅपशॉटचे पहिले काही बाइट वाचा: तिथे "नवं" लिहिलेलं असेल.